मदत आजीच्या दारापर्यंत जाऊ दे

आम्ही जोहान्सबर्गला राहत होतो तेव्हा आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये सुतळीचा एक तुकडा असायचा. बाई झिम्बाब्वेतल्या, बुलावायोच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. सुतळी म्हणजे त्यांच्या भाचीच्या पावलाचं माप. बहीण गेली होती, मेहुणे तिच्याही आधी गेले होते, आणि पोरगी गावी आजीकडे वाढत होती. आजीला तिकडे गोगो म्हणतात. पोरीचा पाय वाढला की गोगो नवी सुतळी कापून पाठवायची. बाई दुकानात ती बुटाच्या आत घालून बघायच्या, पुढे बोटभर जागा सोडायच्या, आणि मग बूट, मक्याच्या पिठाची गोण, तेलाचा कॅन असं सगळं बांधून ओमालायिचांकडे द्यायच्या. ओमालायिचा म्हणजे गाडीला ट्रेलर जोडून जोहान्सबर्गचं सामान बाइटब्रिजच्या सरहद्दीपलीकडे घरोघर पोचवणारी माणसं. पावती नाही, विमा नाही. गोगोच्या दारात सामान उतरलं की निरोप यायचा. एकदा बोलता बोलता मी त्या मुलीला ‘अनाथ’ म्हणून गेले. बाईंनी हातातलं काम थांबवलं. “तिला गोगो आहे,” एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी १८ जुलैला, नेल्सन मंडेलांच्या जन्मदिवशी, आमच्या ऑफिसची मंडळी शहराबाहेरच्या एका वसतिगृहात गेली. मंडेलांनी ६७ वर्षं सार्वजनिक कामाला दिली, म्हणून त्या दिवशी प्रत्येकाने ६७ मिनिटं दुसऱ्यासाठी द्यायची अशी तिथे पद्धत आहे. वसतिगृह परदेशातल्या चर्चच्या देणग्यांवर चालणारं. स्वच्छ, हवेशीर, प्रत्येक खोलीच्या दारावर देणगीदार मंडळीचं नाव. मुलांनी गाणी म्हटली. चारेक वर्षांची एक मुलगी सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मला भरून आलं. पण तासाभरात ती तशीच आणखी पाच-सहा जणांच्या मांडीवर जाऊन बसली, आणि आम्ही निघालो तेव्हा तिने मान वर करून पाहिलंही नाही. पुढे वाचनात आलं की २००० सालापासून बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या मुलांचा दीर्घ अभ्यास झाला, त्यात हेच दिसलं होतं. संस्थेत वाढणारी मुलं अनोळखी माणसाला बिलगतात, कारण आपलं माणूस कोणतं हे मनात पक्कं व्हायला तिथे कुणी एक माणूस सतत नसतंच. त्यातली जी मुलं वयाची दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कुटुंबात गेली, ती पुष्कळ सावरली.

निघताना मी व्यवस्थापक बाईंना विचारलं, की या मुलांचं कुणीच नाही का? त्यांनी काही लपवलं नाही. बहुतेकांचं कुणी ना कुणी आहे, म्हणाल्या. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची गोगो. नाताळच्या सुट्टीत निम्म्याहून जास्त मुलं घरी जातात. मग ती इथे का राहतात? कारण इथे दोन वेळचं जेवण आहे, शाळेची फी भरली जाते, पायात बूट मिळतात.

म्हणजे ज्या गोष्टी माझ्या बाई ट्रेलरमधून गोगोच्या दारी पाठवत होत्या, त्याच गोष्टींसाठी इथे मुलं घरातून उठून आली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात पोरक्या मुलांसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती संस्थांनी, आणि त्यांना पैसे देणाऱ्या तुम्हा-आम्हा सगळ्यांनी, मूल उचलून इमारतीत आणणं थांबवावं आणि तोच पैसा मूल ज्या घरात आहे त्या घरात न्यावा. हे बाहेरून कुणी शिकवावं असं नाही. तिथल्याच ख्रिस्ती माणसांनी तीस वर्षांपूर्वी ते करून दाखवलेलं आहे.

आधी शब्दाचं बघू. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत आई-वडिलांपैकी एक जरी गेलं तरी मूल ‘अनाथ’ धरतात. २००० च्या दशकाच्या मध्यावर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एड्समुळे अनाथ झालेली मुलं १ कोटी २० लाखांच्या घरात आहेत असं सांगितलं जायचं, ते याच व्याख्येने. आकडा खोटा नव्हता, आणि त्यामागचं दुःख तर मुळीच नव्हतं. झिम्बाब्वेत १९८० च्या दशकात साठीला टेकलेलं सरासरी आयुर्मान पुढच्या पंधरा-वीस वर्षांत चाळिशीच्या आसपास घसरलं. कर्ती पिढीच मधून निघून गेली, मागे राहिले म्हातारे आणि लेकरं. पण तो आकडा देणगीच्या पत्रकावर छापला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला एकटं बसलेलं मूल उभं राहतं. एकट्या मुलाला छप्पर हवं, म्हणून मग इमारत. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्ये सांगितलं की जगभरच्या अशा संस्थांमधल्या पाचांपैकी निदान चार मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. २००६ मध्ये मडोना या गायिकेने मलावीतल्या म्चिंजी गावच्या अनाथालयातून एक बाळ दत्तक घ्यायला नेलं, तेव्हा जगाला कळलं की त्या बाळाचे वडील जिवंत आहेत. बाळाची आई गेल्यावर त्याला सांभाळता येईना म्हणून त्यांनी ते तिथे ठेवलं होतं. अशा बापासाठी मदत कुठे होती, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात फार थोड्यांनी विचारला.

आपल्याकडे ‘पोरकं’ असा एक चांगला शब्द आहे. पोरक्या मुलाचं मायेचं माणूस गेलेलं असतं, पण त्याला काका-आत्या असतात, आजोळ असतं. ‘अनाथ’ म्हटलं की ही सगळी माणसं एका फटक्यात पुसली जातात. माझ्या बाईंना तो शब्द लागला, तो त्यामुळेच.

आता मुतारेची गोष्ट. मुतारे हे झिम्बाब्वेच्या पूर्वेला, मोझांबिकच्या सरहद्दीजवळचं डोंगरातलं शहर. तिथल्या सरकारी रुग्णालयात जेफ फॉस्टर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९८७ मध्ये त्यांनी ‘फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट’ ही ख्रिस्ती संस्था सुरू केली, देशातली एड्ससाठी काम करणारी पहिली. आई-बाप मरू लागले तसा मुलांचा प्रश्न पुढे आला. आश्रम बांधायचा म्हटलं असतं तर पैसा मिळाला असता. त्यांनी आधी मुलं आहेत कुठे ते शोधलं. मुलं घरांतच होती: आजीकडे, काकांकडे, मावशीकडे, आणि काही ठिकाणी थोरल्या भावाने किंवा बहिणीने चालवलेल्या घरात. तेरा-चौदा वर्षांची पोर धाकट्यांना रांधून घालते आहे हे बघून बाहेरच्या माणसाचा जीव गलबलतो, आणि ती मुलं तिथून हलवावीत असंच मनात येतं. फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र अशा घरांमागची कारणं दिसली. कित्येक ठिकाणी भावंडांनी वेगवेगळ्या नातलगांकडे विखरायला नको म्हणून, आई-बापाचं घर आणि जमीन हातची जायला नको म्हणून तसं ठरवलं होतं, आणि जवळचे नातलग येऊन-जाऊन लक्ष ठेवत होते.

१९९३ मध्ये या संस्थेने ‘फोकस’ नावाचा उपक्रम सुरू केला. गावागावांतल्या चर्चमधून बायका पुढे आल्या. त्यातल्या बऱ्याच विधवा, आणि बऱ्याच जणींच्या घरी आधीच नातवंडं-पुतणे वाढत होते. अशा घरांची यादी करायची, सगळ्यात अडलेली घरं आधी हेरायची आणि तिथे नेमाने जायचं, हे त्यांचं काम. जायचं म्हणजे चालत जायचं. घरात मका किती उरलाय ते बघायचं, पांघरुणं पुरतात का बघायचं, शाळेची फी थकलीय का विचारायचं, मुलीला कुणी त्रास देतंय का ते बोलता बोलता काढून घ्यायचं, वेळ असला तर शेतात बरोबरीने राबायचं. मग गरज दिसेल तसं बियाणं, खत, ब्लँकेट किंवा फी. देणारी बाई आणि घेणारं घर एकाच पाणवठ्यावरचं. कुठला काका दारू पितो आणि कुठली काकू मनाने मोठी आहे, हे तिला कुणी अहवालातून सांगावं लागत नव्हतं. आणि परदेशातला पैसा आटला तरी ती शेजारीणच राहणार होती. इमारतीचं तसं नसतं. देणगी थांबली की इमारत बंद पडते, आणि ज्या मुलांना तिने दहा वर्षं गावापासून तोडलेलं असतं ती मुलं कुणाचीच उरत नाहीत.

झिम्बाब्वे सरकारने १९९९ मध्ये पोरक्या मुलांसाठी जे धोरण केलं त्यात संस्था हा शेवटचा उपाय मानला: आधी घर, मग भावकी, मग गाव, मग पालकत्व किंवा दत्तक, आणि काहीच नसेल तर संस्था. बुलावायोजवळ साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं मासिये हे शिबिराचं ठिकाण आहे. तिथे १९९८ पासून आई-वडील गमावलेल्या मुलांना थोड्या दिवसांसाठी बोलावतात. मुलं खेळतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, रडतात आणि परत आपल्या घरी जातात. एस्वातिनीत, म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये, टोळीप्रमुखाच्या शेतातलं धान्य अडल्यानडल्यांसाठी राखून ठेवायची जुनी रीत होती. साथीच्या काळात तीच पोरक्या मुलांसाठी पुन्हा उभी केली, आणि वस्तीतल्या बायका एकत्र येऊन या मुलांना शिजवून घालू लागल्या. हे सगळं तिथल्या मातीतलं आहे.

मग पैसा इमारतीकडेच का वाहतो? मला वाटतं, देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं म्हणून. खोलीच्या दारावर नाव दिसतं, गाणारी मुलं दिसतात, भेटीचा फोटो काढता येतो. गोगोच्या चुलीवर एक मूठ पीठ जास्त पडलं, ते दिसत नाही. हे मी इतरांवर ठेवून बोलत नाही. आपण मराठी माणसं मुलांचे वाढदिवस आश्रमात साजरे करतो, पंगत वाढतो, हातात खाऊ देतो आणि समाधानाने घरी येतो. मीही केलं आहे. त्या मुलांपैकी कुणाला घरी परत नेता येईल का, असा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलाच्या कुटुंबाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. त्या पंगतींना येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

खर्चाचाही हिशोब आहे. संस्थेत एका मुलावर होणारा खर्च हा तेच मूल नातलगांकडे ठेवून मदत करण्याच्या खर्चाच्या कित्येक पट असतो, हे दक्षिण आफ्रिकेपासून टांझानियापर्यंतच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने यातला मर्म ओळखला. १९९८ मध्ये तिथे बाल साहाय्य अनुदान सुरू झालं, तेव्हा महिना फक्त १०० रँड आणि तेही सात वर्षांखालच्या मुलांपुरतं. पैसे मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याच्या हातात, मग ती आई असो, गोगो असो की शेजारीण. आज सुमारे १ कोटी ३० लाख मुलांसाठी ते मिळतं. एक गफलत मात्र झाली होती. कोर्टामार्फत ‘पालक कुटुंब’ ठरलं तर त्याहून कितीतरी मोठं अनुदान मिळायचं. म्हणून हजारो आज्या स्वतःच्याच नातवंडांचं पालकत्व मागत कोर्टात उभ्या राहिल्या, समाजसेविकांच्या टेबलांवर प्रकरणांचे ढीग लागले आणि २०११ मध्ये कोर्टाला हस्तक्षेप करावा लागला. अखेर १ जून २०२२ पासून नातलगांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांसाठी साध्या अनुदानातच वाढीव रक्कम मिळू लागली. आजीला आपल्या नातवासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये, इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला दोन दशकं लागली.

याला एक हरकत आहे आणि ती हलकी नाही. घर म्हणजे मायाच असते असं कुणी म्हणू नये. भाऊ वारला की त्याची जमीन आणि गुरं बळकावून वहिनीला आणि पोरांना बाहेर काढणारे दीर झांबियात, झिम्बाब्वेत पुष्कळ निघाले. नातलगाच्या घरी पोरकी मुलगी बिनपगारी मोलकरीण होते. कधी तिच्यावर त्याच छपराखाली अत्याचार होतो. तान्ही बाळं टाकून दिली जातात. गोगो सत्तरीची असते आणि तिच्या मागे कोण, हा प्रश्न घरात रोज झोपतो-उठतो. ज्या मुलाला आज रात्री सुरक्षित जागा हवी त्याला धोरण वाचून दाखवता येत नाही. त्याच्यासाठी जागा असलीच पाहिजे. ती लहान असावी, गावाजवळ असावी, आणि पहिल्या दिवसापासून तिथे एका माणसाने त्या मुलासाठी घर शोधत असावं. जोहान्सबर्गमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेलं ‘एन्कोसीज हेवन’ हे घर एन्कोसी जॉन्सन या मुलाच्या इच्छेतून उभं राहिलं. तो जन्मतःच एचआयव्ही घेऊन आला आणि २००१ मध्ये बारा वर्षांचा होऊन गेला. त्याला अशी जागा हवी होती, जिथे आजारी आयांना आपल्या मुलांसकट राहता येईल. त्याची स्वतःची आई आजारपणामुळे त्याला जवळ ठेवू शकली नव्हती. एका लहान मुलाला जे कळलं ते पुष्कळ मोठ्या देणगीदारांना कळलं नाही.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना दुसरा प्रश्न आला असेल, धर्माचा. तो येणं स्वाभाविक आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ मध्ये पुण्यात उठलेलं वादळ, ‘केसरी’ची टीका, रानडे-भांडारकरांचं बाजूला होणं, हे आपल्या आठवणीत आहे, आणि पुढे दुष्काळात त्याच रमाबाईंनी केडगावला शेकडो मुली जगवल्या, हेही आहे. दोन्ही खरं धरूनच आपण अशा कामाकडे बघतो. पण झिम्बाब्वे, झांबिया, एस्वातिनी, लेसोथो इथली बहुसंख्य माणसं आधीपासून ख्रिस्तीच आहेत. तिथल्या पोरक्या मुलाच्या ताटावर धर्मांतराची सावली आपल्याला वाटते तशी पडत नाही. तिथल्या चर्चला माझे प्रश्न वेगळे आहेत. साथीच्या सुरुवातीच्या वर्षांत किती व्यासपीठांवरून हा रोग म्हणजे पापाची शिक्षा असं सांगितलं गेलं, आणि त्यामुळे किती विधवा नि मुलं गावात असून वाळीत पडली, याची कबुली चर्चने दिली पाहिजे. जुन्या परंपरेतल्या वैद्य-भगताकडे जाणाऱ्या किंवा दुसऱ्या पंथातल्या घरालाही तेवढाच मका मिळतो का, हे दाखवलं पाहिजे.

आणि तरी हे काम चर्चशिवाय तिथे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट आणि पांढरी टोपी घालून दर गुरुवारी प्रार्थनेला जमणाऱ्या मेथडिस्ट बायका मी जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर पाहिल्या आहेत. त्यांच्या संघाला मन्यानो म्हणतात. सरकारचा माणूस पोचत नाही अशा वस्तीतही त्या असतात. कोण आजारी आहे हे त्यांना आधी कळतं. बायबलमध्ये याकोबाचं एक पत्र आहे. खरी भक्ती कोणती, हे सांगताना तो म्हणतो की अनाथ आणि विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. समाचार घ्यायचा म्हणजे आपण त्यांच्याकडे जायचं. आणि त्या वाक्यात मूल आणि विधवा एकत्र आहेत, कुणी त्यांना वेगळं केलेलं नाही. ख्रिस्ती संस्थांना बाहेरच्या कुठल्या तत्त्वज्ञानाची गरज नाही, त्यांच्या ग्रंथातलं हे एक क्रियापद पुरे आहे.

मुलाला आई राहावी यासाठी सगळ्यात मोठं काम औषधाने केलं, आणि त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला द्यायची तयारी दाखवली. त्यानंतरच्या वर्षांत स्वस्त गोळ्या आफ्रिकेत पोचल्या. मिशनच्या दवाखान्यांनीही त्या गावोगाव वाटल्या. ज्या बाईला गोळी वेळेवर मिळाली तिचं मूल पोरकं झालंच नाही. या मुलांचे फोटो कुठल्या पत्रकावर येत नाहीत, पण माझ्या लेखी मुलांसाठी झालेलं सगळ्यात मोठं काम तेच.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. २००३ मध्ये अमेरिकेने एड्सविरोधी मदतीचा जो मोठा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या कायद्यात दहा टक्के पैसा अनाथ आणि संकटातल्या मुलांसाठी राखून ठेवला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली आणि या भागातले दवाखाने आणि घरभेटींचे कार्यक्रम विस्कळीत झाले. अशा वेळी पोकळी भरायला चर्च आणि धर्मादाय संस्था पुढे येतील, यायलाच हव्यात. पैसा गोळा करायला पुन्हा तोच एकटा बसलेल्या मुलाचा फोटो बाहेर निघेल, आणि पुन्हा कुणीतरी इमारतीची पायाभरणी करेल. माझी विनंती त्याआधीची आहे. जी संस्था तुमच्याकडे देणगी मागेल तिला विचारा की गेल्या वर्षात तुमच्याकडची किती मुलं घरी परत गेली, आणि गेल्यानंतर तुम्ही त्या घरी कितीदा जाऊन आलात.

मी पाहिलेल्या त्या वसतिगृहाकडे याचं उत्तर द्यायचं साधन होतं. व्यवस्थापक बाईंनी मला कपाटातलं एक जाड रजिस्टर दाखवलं होतं, नाताळच्या सुट्टीचं. मुलाचं नाव, न्यायला कोण आलं, नातं काय, गाव कुठलं, सही किंवा अंगठा, परत कधी आणून सोडलं. पानामागून पान भरलेलं. ‘नातं’च्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द होता, गोगो. परत आणून सोडल्याची तारीख बहुतेक ठिकाणी जानेवारीचा दुसरा आठवडा, शाळा सुरू व्हायच्या आसपास. या रजिस्टरमधल्या प्रत्येक गावी एक माणूस पाठवावा, आणि मूल इथेच राहायला तुम्हाला महिन्याला काय लागेल एवढंच विचारून यावं.